दारूखान्यातली दारू कोणती?

१/५
रे रोड स्थानकाजवळच्या ‘दारूखाना’ या नावावर अनेक विनोद होतात. पण ही दारू मद्य नव्हे, बंदुकीची. शेजारच्या माझगावात ‘गनपावडर रोड’ही आहे.

२/५
आपण तोफांची लांबी मोजतो, बंदुकांची नावे पाठ करतो. त्यांत कोणती दारू ठासली जाई, हे मात्र क्वचितच विचारतो. माझ्या मते शस्त्रेतिहासाचा पहिला प्रश्न तोच असावा.

३/५
काळ्या दारूचा दाणा जितका बारीक, तितकी ती झपाट्याने जळते. म्हणून बंदुकीला बारीक दाणा, तोफेला जाड. तोफेत बारीक दारू ठासली, तर दाब एकाएकी वाढून तोफच फुटण्याचे भय असे.

४/५
१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी धूरविरहित दारू सिद्ध केली. ब्रिटिशांची ली-मेटफर्ड रायफल १८८८ मध्ये काळ्या दारूवरच आली; काही वर्षांतच तिच्या .३०३ काडतुसात कॉर्डाइट आले. व्यास तोच राहिला, पण गोळीचा वेग वाढला आणि नेमबाजाचा ठावठिकाणा सांगणारा धूर ओसरला.

५/५
म्हणून गडावर तोफेसोबत छायाचित्र अवश्य काढा. पण दारूकोठारही शोधून पाहा. त्याची पडझड आपण मुकाट्याने पाहत राहिलो, तर तोफांचा इतिहास अर्धाच उरेल.