नरसाळं झिंदाबाद!

परवा एका मित्राने व्हॅक्यूमने कूलंट भरायचं यंत्र घ्यायचा आग्रह धरला. यंत्र वाईट नाही हो! आतली हवा ओढून घेतं, काटा स्थिर राहिला तर गळती नाही हेही कळतं. पण बहुतेकांना कॉम्प्रेसर लागतो; तो काय देवघरात ठेवू? घट्ट बसणारं नरसाळं, हीटर चालू आणि अर्धा तास धीर, एवढ्यात माझ्या जुन्या गाडीतली हवा निघते.

खरं दुखणं वेगळंच आहे. आमच्या जळगाव जामोद तालुक्याचा बराच भाग खारपाणपट्ट्यातला. एका गॅरेजवाल्याने बोअरचं पाणी बिनदिक्कत रेडिएटरमध्ये ओतलं, दोन उन्हाळ्यांत तो गंजला. ते क्षार कुठलं यंत्र ओढणार? मित्राला म्हटलं, आधी डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आण, मग यंत्राचं बघू.