खरी नक्कल

क्लोनवरच्या विज्ञान-रहस्यकथांत एक प्रश्न हमखास असतो : यातला खरा कोण? उत्तर मिळालं की गोष्ट मिटते. जो नक्कल ठरला, तो हिशेबातून वजा. तो मेला तरी वाचकाला हळहळ वाटू नये, अशी सोय लेखकानं आधीच करून ठेवलेली असते. ही सोय खटकते.

डंकन जोन्सचा 'मून' हा २००९ चा चित्रपट यासाठी पुन्हा पाहावा. चंद्रावरच्या हेलियम-३ च्या खाणतळावर सॅम बेल एकटा राबतो आहे. करार तीन वर्षांचा, दोन आठवडे उरलेले. मग घर, बायको, तान्ही मुलगी. प्रत्यक्षात हा सॅम क्लोन आहे आणि घरच्या आठवणीही मूळ सॅमच्या, याच्यात भरलेल्या. हे गुपित शेवटासाठी राखून ठेवलेलं नाही. ते बरंच आधी फुटतं आणि चित्रपट तिथून खरा पुढे जातो.

आजारानं खंगलेला सॅम रोव्हर घेऊन, संदेश अडवणाऱ्या मनोऱ्यांच्या पलीकडे जातो. घरी फोन लावतो. पडद्यावर पंधरा वर्षांची मुलगी येते. ही ईव्ह. त्याच्या मनात ती अजून बाळ आहे. आई काही वर्षांपूर्वीच गेली, असं ती सांगते. कशानं गेली, असं त्यानं विचारताच ती बाबांना हाक मारते. आतून पुरुषाचा आवाज येतो. सॅमचाच.

तो फोन बंद करतो आणि रडतो.

त्या बाईशी त्याचं लग्न कधी झालेलं नाही. त्या पोरीला त्यानं कधी कडेवर घेतलेलं नाही. ते सगळं दुसऱ्याचं. पण हे रडणं कुणाचं? मूळ सॅम घरात आहे, त्याला याचा पत्ताही नाही. हे दुःख रोव्हरमध्ये बसलेल्या माणसाचं. त्याच्या एकट्याचं.

आपल्याकडे दाखल्याच्या प्रतीवर 'खरी नक्कल' असा शिक्का मारतात. मुळात नाही असं एक अक्षरही त्यात नाही, म्हणून ती खरी. जिवंत जिवाला हा शिक्का लागत नाही. टेक्सासमध्ये डिसेंबर २००१ मध्ये सीसी ही पहिली क्लोन मांजर जन्मली. मूळ मांजर, रेनबो, तिरंगी होती. सीसीच्या अंगावर नारिंगी रंग उतरलाच नाही. जनुकं तीच, पण रेनबोच्या ज्या एका पेशीपासून ती घडली, तिच्यात नारिंगी रंगाचं एक्स गुणसूत्र मिटलेलं होतं आणि क्लोनमध्येही ते मिटलेलंच राहिलं. कातडीची ही गत, तर मनाची काय?

'मून'मध्येही, पहिल्या सॅमच्या रोव्हरला अपघात झाल्यावर, तळावर दुसरा क्लोन सॅम जागा होतो. त्याच आठवणी, तोच चेहरा. हा तापट, उतावळा. पहिला तीन वर्षांच्या एकांतानं मऊ झालेला. दोघांतल्या एकालाच पृथ्वीवर पोचता येणार असतं. मरायला टेकलेला पहिला सॅम अपघातात मोडलेल्या रोव्हरमध्ये परत जाऊन बसतो. खाणीच्या कंपनीची माणसं येतील तेव्हा त्यांना अपेक्षित जागी प्रेत मिळावं आणि दुसऱ्याला निसटता यावं, म्हणून.

हा निर्णय त्याच्यात कुणी भरलेला नव्हता.