पुळणीचे काम पुळणीलाच करू द्या

कार्तिक सरत आला की मोरजी, मांद्रे, आगोंद व गालजीबाग येथील पुळणींकडे ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या वळू लागतात. रात्रीच्या काळोखात वाळूत खड्डा करून मादी सुमारे शंभर अंडी पुरते आणि समुद्राला मिळते. एकेकाळी ही अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात. तो प्रकार निंद्य होता, हे आता बहुतेकांना पटले आहे.

परंतु दयाबुद्धीनेही घात होऊ शकतो. कुत्र्यांनी अंडी फस्त करण्यापेक्षा ती घरी नेऊन वाळूच्या खोक्यात उबवावीत, असा विचार कूर्मावताराला हात जोडणाऱ्या आपल्या समाजात एखाद्याच्या मनात येणे स्वाभाविक आहे. कोंबडी आपली अंडी वरचेवर फिरवते. कासवाच्या अंड्याचे तसे नाही. अंडी घातल्यानंतर काही तासांतच आतील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटतो. त्यानंतर अंडे उलटले तर तो मरतो. शिवाय पिल्लू नर होणार की मादी, हे वाळूच्या उष्णतेवर ठरते. सुमारे २९ अंशांखाली नर अधिक, त्यावर माद्या अधिक. पन्नासएक दिवसांचे हे नाजूक गणित माजघरातील खोक्यात कसे सुटावे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये अशी अंडी घरी नेणे हा गुन्हाच आहे.

अंडी हलविणे अपरिहार्य असेल तेव्हा ते काम जाणकारांनी, वेळीच आणि किनाऱ्यावरील कुंपणात करावयाचे असते. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळासच्या ग्रामस्थांनी २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेच्या साहाय्याने हेच करून दाखविले. घरटे दिसताच वनखात्यास कळविणे, एवढेच आपले कर्तव्य.

सरकारचे कर्तव्य मात्र त्याहून मोठे आहे. २०११ च्या किनारी नियमन अधिसूचनेत या चारही किनाऱ्यांचा कासवांची विणीची स्थळे म्हणून उल्लेख आहे. अंड्यातून निघालेले पिल्लू उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावते. किनाऱ्यावर दिवे झगमगत असतील तर ते उलट दिशेने जाऊन मरते. कुंपणात किती अंडी फुटली याचे आकडे जाहीर करून शासनाने समाधान मानू नये. विणीच्या हंगामात या पुळणी अंधाऱ्या आणि शांत राहतात काय, याचा जाब जनतेने विचारला पाहिजे. पुळण राखली तर उबवणीची चिंता आपल्याला वाहावी लागणार नाही.