बुरूड राजाचा कोट

नालासोपाऱ्यातील एका टेकाडाला गावकरी पूर्वापार ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत आले. टोपल्या-सुपे विणणाऱ्या बुरुडांचा हा राजा कोण, कुठला, इतिहासाला ठाऊक नाही. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते टेकाड खणले, तेव्हा आत बौद्ध स्तूप निघाला! दगडी करंड्यात बुद्धमूर्ती आणि सोन्याची फुले होती. त्याच वर्षी सोपाऱ्यात अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा १९५६ साली जवळच्या भुईगावात.

राजाचा पत्ता लागला नाही. पण त्याच्या कथेने जागा मात्र राखून ठेवली. वसईच्या किल्ल्याचेही तसेच. १७३९ साली मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला, हे सनावळी सांगते. ‘किल्ला पडत नसेल तर माझे मस्तक तरी तोफेने आत उडवा’ असे चिमाजी अप्पा म्हणाले, ही आख्यायिका. मुलांच्या ध्यानात राहते ती हीच.

आज वसई-विरारमध्ये गावोगावची माणसे घर करून आहेत. टेकाडे, तळी इमारतींआड जात आहेत. ज्या जागेची गोष्ट कुणालाच ठाऊक नाही, ती बुजवताना कुणाचा हात थांबणार? तेव्हा रविवारी मुलांना जरूर सोपाऱ्याला न्या. पण स्तूपाबरोबर त्या बुरूड राजाचीही गोष्ट सांगा.