आमदाराला सभागृहाचं विचारा

८ जुलै २०२५ च्या रात्री मुंबईत आकाशवाणी आमदार निवासाच्या उपाहारगृहात डाळ शिळी निघाली. बुलढाण्याचे आमदार संजय गायकवाड बनियन-टॉवेलवर तिथे पोचले आणि त्यांनी कर्मचाऱ्याला ठोसे लगावले. ती चित्रफीत महाराष्ट्रात कोणी पाहिली नाही? डाळीचं पाकीट नाकाला लावलेलं, मग पहिला ठोसा, मग दुसरा. वाहिन्यांनी ती दिवसभर फिरवली आणि आपण ती एकमेकांना पाठवत राहिलो.

दोनच दिवसांनी, १० जुलैला, विधानसभेने महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. एखादी संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार सरकारच्या हाती देणारं आणि तिच्या नुसत्या सभासदाला तीन वर्षांपर्यंत तुरुंगात धाडू शकणारं हे विधेयक. ते चांगलं की वाईट, यावर माझं मत ठाम आहे. मला ते नको होतं. पण आजचा माझा राग त्याच्यावर नाही. आजचा राग तुमच्यावर आहे. त्या दिवशी तुमच्या मतदारसंघाचा आमदार सभागृहात होता का? बोलला का? बोलला असेल तर काय बोलला? डाळीच्या पाकिटाचा रंग सांगू शकणाऱ्या माणसाला यातलं एकही उत्तर ठाऊक नसेल, तर तो राजकारण ‘फॉलो’ करतो असं म्हणण्याचा त्याला अधिकार नाही.

आणि हे विधेयक काही अंधारात आलं नव्हतं. ते दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं, चंद्रशेखर बावनकुळे तिचे अध्यक्ष होते. समितीने जनतेकडून सूचना-हरकती मागवल्या, त्या १२,००० हून अधिक आल्या. म्हणजे एवढे कागद या राज्यातल्या माणसांनी आणि संघटनांनी बसून लिहिले, मुदतीत पाठवले. मला त्यांचा अभिमान वाटतो. समितीने विधेयकात बदल केले तीन. बाकीच्या सूचनांचं काय केलं, कोणत्या कारणासाठी फेटाळल्या, हे प्रत्येक आमदाराने आपल्या मतदाराला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण विचारलं नाही. विधानसभेत विरोध स्पष्टपणे नोंदवला तो डहाणूच्या विनोद निकोले यांनी, एकट्या माकपच्या आमदाराने. मोठ्या विरोधी पक्षांचे नेते नंतर बाहेर तावातावाने बोलले. सभागृहात गुळमुळीत आणि रस्त्यावर गर्जना, हे त्यांना परवडतं, कारण आपण गर्जनाच पाहतो.

विधेयक आवाजी मतदानाने मंजूर झालं, बहुतेक विधेयकं तशीच होतात. अध्यक्ष विचारतात, अनुकूल असतील त्यांनी ‘होय’ म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी ‘नाही’ म्हणावं. एक गलका उठतो आणि कायदा होतो. त्या गलक्यात कोणाचा आवाज होता याची नावनिशीवार नोंद कुठेही राहत नाही. मतविभागणी मागितली तर राहते, पण ती मागायला कोणीतरी उठावं लागतं आणि उठणाऱ्याच्या पाठीशी मतदार उभा असावा लागतो. आपला मतदार तेव्हा काय पाहत होता, ते वर सांगितलंच आहे.

ही सवय आजची नाही. जून २०२२ आठवा. शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेला गेले, मग गुवाहाटीला. कोणत्या हॉटेलात उतरले, किती खोल्या घेतल्या, कोण कोणाच्या विमानात होतं, हे आपल्याला घरच्या लग्नासारखं तोंडपाठ होतं. त्यांतल्या शहाजीबापू पाटलांची झाडी आणि डोंगार लहान पोरांच्या तोंडी होती. त्याच्या तीनच महिने आधी, मार्चमध्ये, मुंबई महापालिकेची मुदत संपली होती, पुण्याचीही संपली होती. पाठोपाठ राज्यभरातल्या महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा लोकप्रतिनिधींविना झाल्या आणि प्रशासकांच्या हाती गेल्या. इतर मागासवर्गाचं आरक्षण, प्रभागांची फेररचना, त्यावरून कोर्टकज्जे, अशी कारणं होती. पण संविधानाचं कलम २४३-यू स्पष्ट सांगतं की पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. मुंबईत २०१७ नंतरची निवडणूक झाली ती १५ जानेवारी २०२६ ला, तीही सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ ला कान पिळल्यावर आणि नंतर मुदत वाढवून दिल्यावर. जवळपास चार वर्षं देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला एकही नगरसेवक नव्हता.

२०२५-२६ चा तिचा अर्थसंकल्प ७४,४२७ कोटी रुपयांचा होता. तो आयुक्तांनी मांडला आणि प्रशासक म्हणून आयुक्तांनीच मंजूर केला. स्थायी समिती नाही, सर्वसाधारण सभा नाही, एका ओळीवर हरकत घेणारा निवडून आलेला एकही माणूस नाही. छोट्या राज्यांच्या बजेटएवढा पैसा असा खर्च होत होता आणि रोज संध्याकाळी आपण कोणता गट खरा, कोणाची शिवसेना, कोणाची राष्ट्रवादी यावर घसे कोरडे करत होतो. पक्ष कोणाचा, हा प्रश्न मोठाच आहे, नाही म्हणत नाही. पण चार वर्षांत एकदा तरी आपल्या आमदाराच्या दारात जाऊन ‘आमच्या निवडणुका का होत नाहीत, तुम्ही सभागृहात हा विषय किती वेळा काढला?’ असं विचारणारे किती निघाले? सत्तेतले गप्प होते कारण त्यांच्या हाती प्रशासक होते. विरोधातले पुरेसे बोलले नाहीत कारण बोलून मतं मिळतील असं त्यांना दिसलं नाही. हिशेब दोघांचाही बरोबर होता. चुकत होतो आपण.

आता आपण आमदाराकडे जातो ते कशासाठी, तेही पाहू. कोणत्याही आमदाराच्या जनसंपर्क कार्यालयात सकाळी दहाला जाऊन बसा. शाळेच्या प्रवेशासाठी शिफारसपत्र. रुग्णालयात खाट. बदली. पोलीस ठाण्यात फोन. गल्लीतलं तुंबलेलं गटार. गणपती मंडळाची वर्गणी. टेबलावर लग्नपत्रिकांचा गठ्ठा, त्यावर तारीख आणि वेळ लाल शाईने. यातल्या खाटेवर मी बोट ठेवणार नाही. ज्याच्या घरात माणूस मरायला टेकलाय तो कोणाच्याही पाया पडेल, आणि सरकारी दवाखाना शिफारशीशिवाय चालत नसेल तर तो गुन्हा दवाखान्याचा आहे. पण ज्यांच्या घरी खाटेची गरज नाही, ज्यांना लिहितावाचता येतं आणि वर्तमानपत्र रोज येतं, ते तरी वेगळं काही विचारतात का?

मी विचारलं. आमच्या आमदारांना जनसुरक्षा विधेयकाबद्दल पत्र लिहिलं. त्यात दोनच प्रश्न होते: आपण चर्चेत भाग घेतला का आणि आपली भूमिका काय होती. काही दिवसांनी कार्यालयातून स्वीय सहाय्यकांचा फोन आला. माणूस सज्जन, आवाजात आर्जव.

“साहेबांना पत्र मिळालं. तुमचं काम काय होतं?”

“काम म्हणजे तेच. उत्तर हवंय.”

“हो, पण काम काय? कुठे अडकलंय का काही?”

“कुठेच अडकलेलं नाही. विधेयकावर साहेब काय बोलले, एवढंच विचारलंय.”

थोडा वेळ शांतता. मग, “लेटरहेडवर काही हवं असेल तर सांगा, करून देतो.”

उत्तर आजतागायत आलेलं नाही. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही. त्यांच्या नोकरीत काम नसलेलं पत्र कधी आलंच नसावं. आमदाराने कायद्यावर उत्तर द्यायचं असतं, हे त्या कार्यालयाला कोणी शिकवलेलं नाही, आणि ते शिकवणं आपलं काम होतं.

आमदाराच्या हातात काय काय असतं, हे माहीत असल्याशिवाय त्याला जाब विचारता येत नाही. स्थानिक विकास निधी आपल्याला ठाऊक असतो, वर्षाला पाच कोटी, कारण त्याच्या पाट्या चौकाचौकात लागतात. बाकावर, व्यायामशाळेवर, कमानीवर, जणू पैसा त्याच्या खिशातला. पण तारांकित प्रश्न? तो टाकला की मंत्र्याला सभागृहात उभं राहून तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. प्रश्नोत्तरांची ती यादी एकदा डोळ्यांखालून घाला. अमुक तालुक्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा रिक्त आहे, ‘हे खरे आहे काय’. असल्यास शासनाने कोणती कार्यवाही केली. नसल्यास ‘विलंबाची कारणे काय आहेत’. समोर मंत्र्याचं उत्तर: ‘हे अंशतः खरे आहे.’ त्याखाली: ‘प्रश्न उद्भवत नाही.’ ज्या गावात डॉक्टर नाही तिथे प्रश्न उद्भवत नाही! पण हा कागद छापील आहे, त्यावर आमदाराचं नाव आहे, मंत्र्याचं नाव आहे, तारीख आहे. या कागदाला धरून भांडता येतं. व्हायरल चित्रफितीला धरून काय भांडणार?

शिवाय लक्षवेधी सूचना आहे, अर्ध्या तासाची चर्चा आहे, औचित्याचा मुद्दा आहे. पुरवणी मागण्यांवर बोलता येतं, जिथे अर्थसंकल्पात नसलेला हजारो कोटींचा खर्च मंजूर होतो. मंत्र्याने सभागृहात ‘करतो’ म्हटलं की ते आश्वासन ठरतं, आणि ते पाळलं की नाही हे पाहायला आश्वासन समिती आहे. लोकांनी थेट सभागृहाकडे अर्ज करावा यासाठी विनंती अर्ज समितीही आहे. आपला आमदार कोणत्या समितीवर आहे, हे ठाऊक असलेला मतदार मला दाखवा. त्याच्या गाडीचा नंबर सांगणारे मी शंभर दाखवतो.

यावर एक उत्तर तयार असतं: व्हिप असतो हो, आमदार काय करणार, पक्ष सांगेल तिथे हात वर. अर्धं खरं आहे. दहाव्या परिशिष्टाने, १९८५ पासून, पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर आमदारकी जाऊ शकते. पण व्हिप बांधतो ते मत. आपल्या तालुक्यातल्या रिकाम्या जागांबद्दल प्रश्न टाकायला कोणता व्हिप आडवा येतो? कलमाची शब्दरचना सैल आहे, ती आवळा, असं समितीत म्हणायला कोणी अडवलंय? व्हिपच्या आड लपणारा आमदार आळशी असतो, आणि त्याला तिथे लपू देणारा मतदार त्याच्याहून आळशी.

वाहिन्यांची बाजू वाचवण्याचं मला काही कारण दिसत नाही. विधानभवनाच्या पायऱ्यांवर बूम घेऊन उभं राहायचं, एकाने दुसऱ्याबद्दल काय म्हटलं ते तिसऱ्याला ऐकवायचं आणि त्याचा चेहरा टिपायचा, याला वार्तांकन म्हणत नाहीत. आत प्रश्नोत्तराचा तास चालू असतो आणि सगळे कॅमेरे बाहेर पायऱ्यांवर. त्याच पावसाळी अधिवेशनातली जितेंद्र आव्हाड आणि गोपीचंद पडळकर यांच्या समर्थकांची हाणामारी घराघरात पोचली. त्याच अधिवेशनातली लक्षवेधी पोचली का? तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे सभागृहात मोबाइलवर रमी खेळत असल्याची चित्रफीत आली आणि त्यांचं खातं बदललं, ते योग्यच झालं. पण त्यांच्या खात्याने पीकविम्यावर त्या आठवड्यात काय उत्तरं दिली, हे कोणत्या वाहिनीने सांगितलं? शेतकऱ्याच्या पदरी शेवटी ते उत्तर पडणार असतं.

आणि सभागृहाकडे तरी वेळ किती उरलाय? २०२५ चं नागपूरचं हिवाळी अधिवेशन ८ डिसेंबरला सुरू झालं आणि १४ ला आटोपलं. विदर्भाच्या नावाने भरणारं अधिवेशन एका आठवड्यात गुंडाळलं. दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता. २८८ आमदारांनी एका आठवड्यात राज्याचं काय पाहिलं असेल? यावर आपण संतापलो का? आपण तेव्हा नगरपालिकांच्या निकालांचे अंदाज बांधत होतो.

कायद्यावर बोट ठेवून जाब विचारणं शक्य नसतं तर मी एवढा चिडलो नसतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने वर्षानुवर्षं ग्रामसभेत बसून, कायदा वाचून, अर्ज लिहून २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवला. २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळवला, तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले होते. त्या गावाने मंत्र्याला गटार सांगितलं नाही, कायद्याचं कलम सांगितलं. आणि शहरात? पुण्यात २००६ पासून नागरिक आपल्या प्रभागातलं काम महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवू शकतात. त्यासाठी एक फॉर्म भरायचा असतो. ज्या सोसायट्यांमध्ये दिल्लीच्या मंत्रिमंडळ विस्तारावर रात्री एकपर्यंत वाद चालतो, तिथे हा फॉर्म किती घरांनी भरला, हे त्यांनी त्यांचं पाहावं. गावात तर ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा शंभर माणसं, यांतली कमी असेल तेवढी संख्या पुरते. तेवढीही जमत नाही म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. मग सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी चार माणसांत ठराव उरकतात आणि आपण पारावर बसून बारामतीचं काय होणार ते ठरवतो.

तेव्हा सुरुवात आमदाराला पत्र लिहून करावी. अर्थसंकल्पी अधिवेशन दरवर्षी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास मुंबईत सुरू होतं. तारांकित प्रश्नाची सूचना त्याच्या बरीच आधी द्यावी लागते, म्हणून पत्र अधिवेशन लागल्यावर नव्हे, जानेवारीतच जायला हवं. कार्यालयात देऊन पोच घ्यावी. मजकूर चार ओळींचा पुरे: आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मंजूर पदं किती, भरलेली किती, यावर आपण तारांकित प्रश्न टाकणार का, टाकणार नसाल तर का नाही, मागच्या अधिवेशनात आपण कोणकोणते प्रश्न टाकले, त्यांची यादी द्यावी. आणि स्वीय सहाय्यकांचा फोन आला, “काम काय आहे?” म्हणाले, तर हेच काम आहे म्हणून सांगावं आणि लेखी उत्तर मागावं.