फराळाच्या ताटातला केस

दिवाळी अंकात हा विषय कशाला, असे पुष्कळांच्या मनात येईल. खुसखुशीत चकली मोडून तोंडात घालावी आणि नेमका तिच्यात केस निघावा, तसे काहींना वाटेल. त्यांची मी आधीच क्षमा मागते. पण केस गुपचूप काढून टाकायचा आणि ताट पुढे ओढायचे, ही जी सवय आपल्या घरांना लागली आहे, तिच्याविरुद्धच मला लिहायचे आहे. शिवाय या विषयाला दिवाळीइतका योग्य मुहूर्त दुसरा कोणता? वर्षभर जिच्या डोक्याकडे कोणाचे लक्ष नसते, त्या घरच्या बाईच्या टाळूवर नरकचतुर्दशीच्या पहाटे तरी कोणीतरी तेल घालते.

तीन वर्षांपूर्वीच्या अशाच पहाटेची गोष्ट. मी तेव्हा ४६ वर्षांची होते. सासूबाईंनी मला पाटावर बसवले, कोमट तेल टाळूवर थापले आणि केसांतून बोटे फिरवून बाहेर काढली, तो त्यांच्या बोटांना माझ्या केसांचा हा एवढा गुंता! त्या काहीच बोलल्या नाहीत. गुंता मुठीत दाबला, न्हाणीच्या कोपऱ्यात टाकला, आणि जरा वेळाने म्हणाल्या, "अगं, तेल बदलून बघ बाई."

झाले! त्या दिवसापासून आमच्या घरात तेलांचे सत्र सुरू झाले. माक्याचे झाले, ब्राह्मीचे झाले, जास्वंदीचे झाले. वन्संनी कांद्याचा रस सुचवला, तेव्हा आठवडाभर वर्गातल्या पहिल्या बाकावरची मुले नाक मुरडत होती. शेजारच्या काकूंनी मेथ्या वाटून पाठवल्या. ह्यांनी तर कुठूनशी १४०० रुपयांची बाटली मागवली. इतके सगळे होऊनही माझा भांग रुंदावतच गेला. वेणीला रबराचे दोन वेढे पुरत, तिथे चार घालावे लागू लागले. आणि हनुवटीवर मात्र दोन राठ केस उगवले. हवे तिथून जायचे आणि नको तिथे यायचे, असा हा न्याय!

मी एका डॉक्टरांकडेही गेले. त्यांनी कागदावरून मान वर न करता सांगितले, "वय झालं की होतंच असं." एवढ्या ज्ञानासाठी मी ५०० रुपये मोजले.

मग एक दिवस शाळेचा जिना चढताना मी दुसऱ्या मजल्यावर मटकन खाली बसले. सहकारी शिक्षिकेने बळेच एका डॉक्टरीणबाईंकडे नेले. त्यांनी केसांविषयी ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "पाळी कशी येते? अंगावरून किती जातं?" मला रडूच आले. गेले दीड वर्ष कधी वीस दिवसांनी, कधी दोन महिन्यांनी, आणि आली की आठ-आठ दिवस जात होते. हे मी कोणाला सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ८.४ निघाले, बाईचे ते निदान १२ तरी असावे लागते. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपला होता. आमच्या घरात तेलाच्या अकरा बाटल्या होत्या आणि माझ्या अंगात रक्त नव्हते!

आता माझे म्हणणे ऐका. केस गळणे ही आपल्याकडच्या बाईची चारचौघांत सांगता येण्याजोगी एकमेव तक्रार आहे. अंगावरून जाते हे ती सासऱ्यांसमोर बोलू शकत नाही. रात्री घामाने उशी भिजते, झोप येत नाही, हे नवऱ्याला सांगायला ती लाजते. उगीच रडू येते, हे मुलांना सांगणार कसे? पण "केस फार गळतात हो" एवढे ती ओटीवर, बसमध्ये, हळदीकुंकवात कुठेही म्हणू शकते. या एका वाक्यात ती बाकीचे सगळे सांगत असते. आणि आपण काय करतो? तिच्या हातात बाटली देतो. ही बाटली म्हणजे तिला गप्प बसवण्याचा सभ्य मार्ग आहे, असा माझा आरोप आहे.

हा आरोप नीट समजावा म्हणून केसाचा व्यवहार थोडा सांगते. माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, मग दोन-तीन महिने नुसता थांबतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस जाणे हा नेहमीचाच हिशेब आहे. इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक केसाला वाढीच्या अवस्थेत अधिक काळ धरून ठेवते. म्हणून गरोदरपणी केस दाट दिसतात आणि बाळंतपणानंतर तीन-एक महिन्यांनी भराभर गळतात. पाळी कायमची जाते ती आपल्याकडे साधारण ४६-४७ व्या वर्षी. पण तिच्या आधीची काही वर्षे हे इस्ट्रोजेन कधी चढते, कधी उतरते आणि शेवटी ओसरते. मग स्त्रीच्या शरीरात मुळातच थोड्या प्रमाणात असलेल्या पुरुषी संप्रेरकांचा जोर जाणवू लागतो. काहीजणींच्या केसांची मुळे त्याने आक्रसतात, केस बारीक निपजतात आणि भांग रुंदावतो. हनुवटीवरच्या पाहुण्यांचे कारणही तेच.

एवढेच असते तर "वय झालं" हे उत्तर अपुरे असले तरी खोटे म्हटले नसते. पण याच वर्षांत पाळी बिघडते, जास्त जाते, आणि लोह संपते. याच वयात थायरॉइडचे दुखणेही अनेकींना गाठते. दोन्हींत केस गळतात, आणि दोन्हींवर उपाय आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभर भारतीय स्त्रियांपैकी ५७ जणी पंडुरोगी निघाल्या. आपल्या प्रगत महाराष्ट्रातही ५४. ज्या देशात निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात पुरेसे रक्त नाही, तिथे केस गळणाऱ्या बाईला रक्त न तपासता "वय झालं" म्हणून घरी पाठवणे, हा निष्काळजीपणा नव्हे तर काय?

कोणी म्हणेल, "पण अमक्या तेलाने आमच्या मावशीचे केस थांबले, ते कसे?" मावशी खोटे बोलत नाहीत. ताप, शस्त्रक्रिया, उपासमार किंवा मनाचा मोठा धक्का यांच्यानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळू लागतात, आणि कारण दूर झाले की बहुधा सहा महिन्यांच्या आत आपोआप थांबतात. त्या काळात मावशींच्या फळीवर जी बाटली असेल तिला श्रेय मिळते. पाऊस पडणारच असतो. बेडूक म्हणतो, मी ओरडलो म्हणून पडला.

जाहिरातदारांना हे ठाऊक नाही असे समजू नका. केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. मग तीन आठवड्यांत दाट केसांचे वचन देणारा माणूस कोणत्या पंचांगाने चालतो? एखादी शाम्पूची बाटली उचला आणि भिंगातून वाचा. वर ठळक अक्षरांत "केसगळती कमी", आणि खाली मुंगीच्या अक्षरांत "तुटण्यामुळे होणारी". म्हणजे मुळापासून जाणाऱ्या केसाशी त्यांचा काहीच संबंध नाही! आपल्या देशात १९४५ चे औषध नियम आहेत. त्यांच्या 'जे' परिशिष्टात, जे विकार बरे करण्याचा दावा औषधाने करू नये अशांची यादी आहे. तीत टक्कलही आहे आणि अकाली केस पिकणेही आहे. कायदा आहे, परिशिष्ट आहे, आणि चौकाचौकात फलकही आहेत!

तेलावर माझा राग नाही, हे स्पष्ट सांगते. खोबरेल केसाच्या दांड्यात शिरते आणि धुताना होणारी त्याची झीज कमी करते, ही शास्त्राने तपासलेली गोष्ट आहे. दांडा मऊ राहतो, कमी तुटतो. पण मुळाचे दुखणे दांड्याला तेल लावून बरे होत नाही. नवी औषधेही मी देवाऱ्यात बसवत नाही. मिनॉक्सिडिल नावाचे औषध आहे. ते मुळात रक्तदाबावरचे. घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा लोकांचे डोळे उघडले. डोक्याला लावण्याचे त्याचे पातळ औषध बायकांनाही उपयोगी पडते, पण पहिले काही आठवडे उलट केस जास्त गळू शकतात, गुण दिसायला चार ते सहा महिने लागतात, आणि सोडले की मिळवलेले हळूहळू जाते. गरोदरपणात ते वर्ज्य. आणि पाळी सलग बारा महिने बंद राहिल्याशिवाय ती गेली असे धरता येत नाही, हे ध्यानात असू द्यावे. म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच. केसांसाठी म्हणून बायोटिनच्या गोळ्या खाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे: त्या गोळ्यांमुळे थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात, तेव्हा तपासणीआधी तसे सांगावे.

"पण केसांचे एवढे काय? केस गेले म्हणून का कोणी मरते?" असे विचारणारे पुरुषच असतात असे नाही, माझ्या बहिणीनेच मला विचारले. तिला माझे उत्तर असे. बाईच्या केसांचे 'एवढे' कोणी केले? ज्या समाजाने नवरा मेल्यावर बाईचे केस उतरवले, त्याला केसांची किंमत पुरेपूर ठाऊक होती. म्हणून तर १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने सभा भरवून ठरवले, की विधवेच्या डोक्याला वस्तरा लावायचा नाही. ते पाप संपले. पण लांब केसांची ती लक्ष्मी आणि विरळ केसांची ती थकलेली, ही मोजपट्टी आपण अजून टाकलेली नाही. जन्मभर केसांवर मोजायचे आणि केस गेले की "त्यात काय एवढे" म्हणायचे, असे दोन्ही बाजूंनी बोलता येणार नाही.

माझे पुढे काय झाले, तेही प्रामाणिकपणे सांगते. औषधाने पाळीचा जोर आवरला, लोहाने आठ महिन्यांत रक्त भरले. केसांची गळ थांबली. भांगाजवळ बारीक केस उभे राहिले. पण वेणी पूर्वीची झाली नाही, आणि आता होणारही नाही. ते माझे वय आहे आणि ते मी पत्करले आहे. मी केस कानापर्यंत कापले. जिना मात्र तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढते.

हे सगळे एकदा सासूबाईंना सांगितले. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझेही गेले होते गं. चार वर्षं गंगावन लावत होते. तेव्हा जात पण फार होतं. भांडी घासताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. पण सांगायचं कोणाला?" त्या पहाटे माझ्या केसांचा गुंता त्यांनी मुठीत का दाबला, ते मला त्या दिवशी कळले.

तेव्हा वाचकहो, एवढेच मागते. यंदा पाडव्याला बायकोने ओवाळल्यावर ताटात जे घालायचे ते घाला, पण दुसऱ्या दिवशी तिला घेऊन प्रयोगशाळेत जा. हिमोग्लोबिन, लोहाचा साठा आणि थायरॉइड, एवढ्या तीन गोष्टी तपासा. भाऊबीजेला बहिणीकडे गेलात तर "तू फार बारीक झालीस" असे नुसते म्हणू नका; "रक्त तपासलंस का?" असे विचारा. आणि घरातली कोणी म्हणाली, "केस फार गळतात हो," तर तेलाचे नाव काढण्याआधी तिच्याजवळ बसून विचारा, "आणखी काय होतंय?"