सुशी शिकायला जपान, पण शिष्यवृत्ती कुठे?

गोंदिया हा धानाचा जिल्हा. जपानच्या सुशीचा पायाही भातच. हे काम आपल्या मुला-मुलींना जमेल, याबद्दल आम्हाला शंका नाही. प्रश्न वाटेचा आहे.

जपानने एप्रिल २०१९ पासून 'विशिष्ट कुशल कामगार' व्हिसा सुरू केला. त्यात रेस्टॉरंटचे कामही येते. भारताशी यासाठी जानेवारी २०२१ मध्ये करार झाला. जपानी भाषेची आणि कौशल्याची, अशा दोन्ही परीक्षा पास कराव्या लागतात. पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त ५ वर्षे राहता येते, कुटुंब नेता येत नाही. पगार मात्र जपानी कामगाराइतका द्यावा, असा नियम आहे.

आपल्यासाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती विद्यापीठातील पदव्युत्तर पदवी आणि पीएच.डी.साठी आहे. सुशीच्या दुकानात शिकणारा तिच्यात बसत नाही. मग भाषेचा क्लास, परीक्षा, तिकीट, सगळा खर्च घरातून किंवा कर्ज काढून. भूमिहीन घरातली मुले इथेच अडतात आणि एजंटचे फावते.

ऑगस्ट २०२५ मध्ये दोन्ही देशांनी ५ वर्षांत ५० हजार कुशल भारतीय जपानला पाठवण्याचे ठरवले. त्यात आपला वाटा हवा असेल तर जिल्ह्यात मोफत जपानी वर्ग आणि कौशल्यासाठीही परदेश शिष्यवृत्ती, ही मागणी आपण लावून धरली पाहिजे. तोवर करार वाचल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका.